खुंटीवरची मोहरकी

सोमवार, ता. ९

चि. धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळी बरी आहोत. यांचा खोकला उतरला, दुकान चालू आहे, चामडं पुन्हा महाग झालंय. तुझ्या बायकोचा हात कसा आहे? प्लास्टर ओलं होऊ देऊ नका, आणि बरं वाटतंय म्हणून ती लगेच बादल्या उचलायला लागेल, तिला उचलू देऊ नकोस. झालं, ख्यालीखुशाली संपली.

आता मला सांग, मास्तरला विकायचं ठरलंय हे मला नालबंदाकडून कळावं? काल तो त्याच्या कामाच्या पट्ट्याची शिवण उसवली म्हणून दुकानात आला होता. मी शिवत बसले आणि तो सहज बोलून गेला की आता मास्तरचे नाल बदलायचे नाहीत, शनिवारी व्यापाऱ्याची गाडी येणार आहे, असं तू त्याला सांगितलंस. माझ्या हातातली आरी हातातच राहिली. लगेच तुला फोन केला तर तू "हं", "बघू", "नंतर बोलतो" एवढं म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र लिहितेय. नालबंद उद्या तुमच्याकडे येतोय, त्याच्याच हाती देते. पत्राला "हं" म्हणून ठेवून देता येत नाही.

तो व्यापारी मला चांगला माहीत आहे आणि तुलाही. त्याच्या गाडीत चढलेला म्हातारा घोडा पुन्हा कुठे कुणी पाहिला, असं मी आजवर ऐकलेलं नाही. तुला कुणी तसं सांगितलं असेल तर मला कळव.

आणि कारण काय, तर म्हणे मास्तर बेभरवशाचा झाला! अरे, जनाची नाही तर मनाची तरी ठेव. अर्ध्या गावाची पोरं ज्याच्या पाठीवर बसायला शिकली, म्हणून ज्याला सगळे मास्तर म्हणतात, तो बेभरवशाचा? माझी लेक चालायला लागली तेव्हा त्याच्या पोटाखालून ये-जा करायची. हा बिचारा पाय उचलायच्या आधी मान वळवून खाली बघायचा, मगच उचलायचा. तेव्हा तूच हसून म्हणाला होतास की हा घोडा नाही, ही दाई आहे. आता त्याच दाईला हाकलायला निघालास.

मी गेल्या आठवड्यात भावजयीला बघायला आले तेव्हा तू मला सगळं सांगितलंस. तू मास्तरला लगाम घालत होतास, त्याने एकदम मान झटकली, तुझ्या हातून सुटला आणि पागेच्या दारातून अंगणात धावत आला. ती पाण्याची बादली घेऊन येत होती, तिला धक्का बसला, पडली, हात मोडला. मी ऐकून घेतलं. घोडा सुटतो, माणसं पडतात, आपल्या घराला ते नवीन नाही. पण घरी येताना बसमध्ये मला एकेक आठवायला लागलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लगाम घालताना मास्तर तुझ्या हातून सुटलाच कसा? आपण दोघं हे काम कुणाकडून शिकलो ते विसरलास का? डाव्या खांद्याजवळ उभं राहायचं, नाकासमोर नाही, कारण घोड्याने नुसती माशी झटकली तरी आपले दात जातात. दोर कडीतून आधी सोडून हातात घ्यायचा, म्हणजे घोडा दचकून मागे सरला तर भिंत उपटत बसणार नाही. लगामाची दोरी पहिल्यांदा मानेवरून टाकायची. मग घोड्याच्या डोक्यावरच्या मोहरकीचं, जिला हा दोर बांधलेला असतो तिचं, बक्कल काढायचं, ती नाकावरून खाली सरकवायची, पण काढून टाकायची नाही, तिथल्या तिथे मानेत घालून बक्कल पुन्हा लावायचं. तेवढं झालं की मगच लगामाची तोंडात द्यायची लोखंडी कडी तळहातावर घेऊन, ओठाच्या कोपऱ्यात जिथे दात नसतात तिथे अंगठा घालून, तोंड उघडेपर्यंत थांबायचं. कान ओढायचे नाहीत, एकेक करून आत घ्यायचे. लगामाचे सगळे पट्टे लागले की मगच मानेतली मोहरकी काढायची. बाबा काय सांगायचे? मोहरकी निघाली आणि लगाम अजून चढला नाही, या मधल्या वेळात घोडा कुणाचाच नसतो, आणि आपल्या पागेत कुठलाही घोडा कधीही कुणाचाच नाही असं होता कामा नये. मी आठ वर्षांची असताना एकदा मानेत घालायला विसरले, तर त्यांनी दिवसभर तीच मोहरकी माझ्या गळ्यात घालून मला शाळेत पाठवलं होतं. तू तेव्हा गडाबडा लोळून हसला होतास.

तर मोहरकी मानेत असती तर मास्तर मान झटकून जाणार कुठे? तुझ्या हातात दोर असता. हा पहिला प्रश्न. जेवताना हा मला सुचलाच नाही.

आणि ते जेवण! बाबांनी तुला काय काय नाही ऐकवलं. एवढा बाप्या झालास तरी मोहरकी काढून उघड्या डोक्याचा घोडा दारात उभा करतोस, लाज वाटते का, उद्या एखादं पोर चिरडलं असतं. दर दोन घासांमागे तेच. थोडं शांत व्हायचे, पुन्हा मला विचारायचे की मास्तरला कुणी सोडला, मी तुझं नाव घेतलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. तुझी बायको एका हाताने वाढत होती, तिने एकदाही मान वर केली नाही. मी तर बाबांचीच लेक, मीही तोंडसुख घेतलं. तू मूग गिळून बसलास. एवढंसं कुणी बोललं तर ताट सारून उठणारा तू. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

निघताना मी पागेत गेले. मास्तरला भेटल्याशिवाय मी कधी निघते का? तो आपल्या जागी उभा होता, डोकं खाली, माझ्या पिशवीत नाक घालून बघितलं. आणि शेजारच्या खुंटीवर त्याची मोहरकी होती. मीच शिवलेली, मागच्या वर्षी, जाड चामड्याची. तिचं बक्कल कसं आहे तुला माहीत आहे. घट्ट आहे, जीभ वाकडी बसते, लावताना बोटाला चिमटा बसतो. म्हणून तर तू मला शिव्या घातल्या होत्यास.

ते बक्कल लावलेलं होतं.

इथपर्यंत लिहिलं आणि उठले. दोन गिऱ्हाइकं आली होती, त्यांच्याशीही धड बोलले नाही. एकाला तर मी विनाकारण झापलं. आता पुन्हा बसलेय, कारण आता लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

धाकट्या, तू उभ्या जन्मात काढलेल्या मोहरकीचं बक्कल लावलेलं नाहीस. काढायची, खुंटीवर फेकायची, पट्टे लोंबत राहायचे. त्यावरून तू लहानपणापासून बोलणी खातोयस, तरी तुझी खोड गेली नाही. काढलेली मोहरकी बक्कल लावून, गालपट्टे सारखे करून, नाकाची बाजू भिंतीकडे करून टांगणारा माणूस त्या पागेत एकच आहे. मला वाटलं कुणी मागाहून लावलं असेल. म्हणून निघता निघता तुझ्या बायकोला विचारलं, तर म्हणाली की त्या दिवसापासून मास्तरला नवीन दोरीची मोहरकी घालतोय, जुनीला कुणी हातच लावला नाही. बोलून गेली आणि लगेच पदराने तोंड पुसायला लागली. तिला खोटं बोलता येत नाही, ते एक तिचं बरं आहे.

मास्तरने मान झटकली नाही. तो कुणाच्या हातून सुटला नाही. कुणीतरी त्याची मोहरकी काढली, नीट बक्कल लावून खुंटीवर टांगली, आणि लगाम आणायला म्हणून निघून गेलं. दार उघडं ठेवून. तो शहाणा प्राणी उघड्या डोक्याने तिथेच उभा राहिला असणार, कितीतरी वेळ, कुणी येईल म्हणून. मग पत्रा वाजला असेल, कुत्रं आलं असेल, काहीतरी झालं आणि तो बाहेर पडला. यात त्याचा काय गुन्हा?

मी आले होते त्या दिवशी बाबांनी मला दोनदा विचारलं, घोडीला पाणी दाखवलं का. आपल्याकडे घोडी कुठे आहे? ती जाऊन किती वर्षं झाली. मी म्हटलं, चेष्टा करतायत. बाबांचं हे विसरणं तुला कधीपासून माहीत आहे? आणि मला का सांगितलं नाहीस? मी काय लग्न करून परक्या मुलखात गेले का? दोन तासांवर राहते. ते माझेही वडील आहेत. तू आणि तुझ्या बायकोने अळीमिळी गुपचिळी करून सगळं आपसात ठेवलंत आणि मी तिथे जेवायला बसून बापाच्या बाजूने तुलाच झोडपत होते, याचा मला भयंकर राग आलाय. अक्षर बघून कळतच असेल.

तू त्यांच्यासाठी बोलणी खाल्लीस ते मला कळतं. पण बोलणी तू खाल्लीस आणि गाडीत चढणार मास्तर, हा कुठला न्याय? त्याला बोलता येत नाही म्हणून? शनिवारची गाडी थांबव. बाबांना सांगायचं असेल तर सांग, नसेल तर दुसरा रस्ता काढ, पण घोड्यावर खापर फोडू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. बाबांना लगेच माझ्याकडे घेऊन जा असं म्हणू नकोस. घोड्याच्या वासाशिवाय त्यांना झोप येत नाही हे तुलाही माहीत आहे.


शुक्रवार, ता. १३

धाकट्या,

तुम्ही दोघं दवाखान्यातून परत याल तेव्हा हे पत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर सापडेल, वर खरारा ठेवलाय. उडणार नाही. भात झाकून ठेवलाय. मी पाचची बस पकडतेय, कारण तुझ्यासमोर उभी राहिले तर भांडण होईल आणि मला लिहायचंय ते राहून जाईल.

नालबंदाबरोबर पाठवलेली तुझी चिठ्ठी मिळाली. सगळ्या मिळून चार ओळी. "ताई, यात पडू नकोस. बाबांना काही कळता कामा नये. मास्तर गेला की ते पागेत जाणारच नाहीत, बाकीचे घोडे तरणे आहेत, त्यांच्याजवळ ते जात नाहीत. आपोआप सगळं थांबेल." वाचून मी चुलीत घालायला निघाले होते, पण यांनी हातातून काढून घेतली.

म्हणजे घोडा बेभरवशाचा नव्हताच, हे तुलाही माहीत होतं. बाबांना "आता लगाम घालू नका" असं तोंडावर सांगायची तुझी छाती नाही, म्हणून त्यांच्या हातातला घोडाच विकायचा. वा रे वा. आणि घोडा गेल्यावर ते रोज सकाळी रिकाम्या जागेपाशी जाऊन मास्तर कुठे म्हणून विचारतील तेव्हा काय सांगणार होतास? रोज नवीन काहीतरी?

तू दवाखान्यात जाणार हे नालबंदाने सांगितलं होतं, म्हणून मी मुद्दाम आजच आले. होय, तुझ्या पाठीमागे. तूही माझ्या पाठीमागे पुष्कळ केलंस, फिटंफाट.

बाबा पागेच्या पडवीत स्टुलावर बसून लगामाला तेल लावत होते. मला बघून खूश झाले. आज एकदम बरे होते, माझ्या पिशवीत काय आहे ते विचारलं, दुकानाची चौकशी केली. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही.

ते ऐकत राहिले. मग हातातला लगाम खाली ठेवून उठले आणि खुंटीपाशी गेले. जुनी मोहरकी तिथेच होती. त्यांनी ती काढली नाही, नुसता बक्कलावरून अंगठा फिरवला. स्वतःच्या हाताचं काम माणूस ओळखतो. माझ्याकडे त्यांची पाठ होती, आणि मला वाटलं की आता हा माणूस खचतो, मी काय करून बसले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

धाकट्या, इतके चिडलेले ते मी कित्येक वर्षांत बघितले नव्हते. माझ्यावर चिडले, तुझ्यावर चिडले, तुझी बायको समोर नव्हती म्हणून वाचली. मी चुकलो तर मला तोंडावर सांगायचं, मी काय काचेचा आहे का, असं म्हणाले. त्या दिवशी जेवताना मी पोराला नाही नाही ते बोललो आणि तुम्ही सगळे गप्प बसून मला बोलू दिलंत, असंही म्हणाले. मला वाटलं होतं यावर ते रडतील. नाही रडले. ओरडले.

मग मला व्यापाऱ्याचा नंबर लावायला लावला. फोन माझ्या हातातून घेतला आणि उभ्याउभ्याच बोलले. शब्द जसेच्या तसे लिहिते, तुला कळायला हवेत. म्हणाले, "घोडा विकायचा नाही. त्याने काही केलेलं नाही. चूक माझी होती, मी त्याला उघडा सोडून गेलो." पलीकडून तो काहीतरी बोलत होता. बाबांनी तेच पुन्हा एकदा सांगितलं आणि फोन मला परत दिला.

आता पुढचं. हे लिहायला मला जड जातंय.

मला म्हणाले, ती दोरीची मोहरकी काढ, त्याची जुनी घाल, चल, लगाम घालू. मी काय म्हणणार? मी दार आतून लावून घेतलं, मोहरकी बदलली आणि मास्तरच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले. बाबा डाव्या खांद्याशी गेले, लगाम खांद्यावर टाकलेला. दोर कडीतून सोडला. मास्तरशी बोलत होते, नेहमीचंच, शहाणा आहेस, उभा राहा. बक्कल काढलं, मोहरकी नाकावरून खाली घेतली, हात किती हलका आहे त्यांचा अजून. आणि ती मोहरकी हातात घेऊन, गालपट्टे सारखे करत, बक्कल लावत, ते खुंटीकडे चालू लागले. लगाम त्यांच्या खांद्यावरच होता.

मी फक्त मास्तरच्या मानेवर हात टाकला. त्यालाही काहीतरी कळलं असावं, कारण तो माझा हात घेऊनच एक पाऊल पुढे आला आणि त्यांच्या पाठीला नाक लावलं.

बाबा थांबले. मागे वळून त्याच्या डोक्याकडे बघितलं, डोक्यावर काही नव्हतं. मग हातातल्या मोहरकीकडे बघितलं. म्हणाले, "असं झालं असणार."

एवढंच म्हणाले. परत आले, बक्कल काढून मोहरकी मानेत घातली, पुन्हा लावलं, लगामाची दोरी मानेवरून टाकली आणि बाकी सगळं नीट केलं. अंगठा, कडी, एकेक कान. वेळ लागला, पण चुकले नाहीत. मास्तरने एकदाही डोकं हलवलं नाही, आणि तू याला बेभरवशाचा म्हणतोस. मी रडत होते, ते घोड्याच्या पलीकडे असल्यामुळे त्यांना दिसलं नाही.

मग पडवीत बसून त्यांनी मला नियम सांगितले, तुला सांगायला. यापुढे ते एकटे आत जाणार नाहीत. जातील तेव्हा तू नाहीतर तुझी बायको बरोबर, दार आतून बंद, आणि ते काही विसरले तर लगेच तोंडावर सांगायचं, मागाहून नाही. शिकायला येणाऱ्या पोरांच्या आईबापांना त्या दिवशीचं खरं काय ते सांगायचं, आणि ते स्वतः सांगणार आहेत. मास्तर इथेच राहील. शेवटचा नियम सांगून झाल्यावर म्हणाले, हे मी उद्या विसरलो तर धाकट्याला आठवण करू दे, आणि मी त्याच्यावर ओरडलो तरी त्याने ऐकू नये.

माझा तुझ्यावरचा राग काही गेलेला नाही. तू मला सांगायला हवं होतंस, तू एकट्याने हे ओढत बसलास याचाच जास्त राग आहे. दर शुक्रवारी मी येणार आहे, दुकान हे बघतील. मला येऊ नकोस म्हणायचं नाही.

पागेतून निघताना मी मास्तरला परत दोरीची मोहरकी घातली, जुनी खुंटीवर टांगली, पट्टे सारखे केले आणि सवयीने बक्कल लावायला गेले. बाबांनी मला थांबवलं. स्वतःही लावलं नाही. म्हणाले, उघडंच राहू दे, ते धाकट्यासाठी ठेव, आजवर त्याच्या मागून मी लावत आलो, आता त्याने लावायला शिकावं.

तेव्हा जेवायला बसायच्या आधी पागेत जा. ते स्टुलावर वाट बघत बसलेत.

तुझीच,
ताई